मापाचं पान कोरं ठेवा

गटांचं काम बघणाऱ्या आम्ही समन्वयक आज तुमच्याशी संगणकातल्या एका बारीकशा कामाबद्दल बोलणार आहोत. काम दोन मिनिटांचं आहे. पण ते नीट नाही झालं तर बैठकीत तासभर भांडण होतं, आणि एखादी मावशी पुढच्या बैठकीला यायचीच बंद होते. म्हणून वही-पेन्सिल जवळ घ्या. तुमच्या गटाचा हिशोब लिहिणारी पोरगी जवळपास असेल तर तिलाही हाक मारा.

आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित नोंदी. १९९२ साली नाबार्डने गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून बँक आधी आपल्या नोंदी बघते आणि मग कर्जाचं बोलते. २०१५ साली नाबार्डने गटांचे हिशोब संगणकावर आणायचा ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. त्याच्या पहिल्या दोन जिल्ह्यांत आपला धुळे जिल्हा होता. आता बऱ्याच गटांत रजिस्टरच्या जोडीला एक्सेलची फाईल असते. कुणी गुगल शीट्स वापरतं, कुणी फुकट मिळणारं लिब्रेऑफिस. आज सांगतोय ते तिन्हींत चालतं.

फाईलमध्ये दर महिन्याचं एक पान असतं, त्याला शीट म्हणतात. एप्रिलचं पान आपण हौसेनं सजवतो. वर गटाचं नाव ठळक, रकान्यांच्या डोक्यावर पिवळा रंग, प्रत्येक चौकोनाला रेघ, रकमेपुढे रुपयाची खूण. मे महिन्याचं पान घाईत होतं, त्याला रेघाच नसतात. जूनमध्ये तारीख एका तऱ्हेची, जुलैमध्ये दुसऱ्या तऱ्हेची. मार्च येईपर्यंत बारा पानांची बारा तोंडं बारा दिशांना.

तुम्ही म्हणाल, दिसण्याचं काय एवढं? आकडे बरोबर असले म्हणजे झालं. पण आपल्या गटात सगळ्या सारख्या शिकलेल्या नाहीत. कित्येक मावश्यांना अक्षर वाचता येत नाही, तरी त्या आपला हिशोब ओळखतात. कशावरून? जागेवरून आणि रंगावरून. ‘माझं नाव वरून पाचवं, हिरव्या रकान्यात बचत, त्याच्या शेजारी हप्ता’ हे त्यांच्या डोक्यात पक्कं असतं. पान दर महिन्याला तसंच दिसलं तर ती मावशी बोट ठेवून विचारते, ‘इथं दोनशे कसं गं? मी तर तीनशे दिले.’ पान दर वेळी बदललं की ती गप्प बसते आणि जिथं सांगतील तिथं अंगठा देते. सारखं दिसणारं पान म्हणजे तिच्या हातात दिलेली चावी आहे.

आता मुद्द्याला येऊ. संगणकातल्या प्रत्येक चौकोनात दोन गोष्टी असतात. एक आत लिहिलेलं, म्हणजे नाव, रक्कम, तारीख. दुसरं त्याचं रूप, म्हणजे रंग, रेघ, अक्षराचा आकार, रुपयाची खूण, तारीख दाखवायची पद्धत. या रूपाला फॉरमॅट म्हणतात. दोन्ही वेगवेगळ्या आहेत आणि वेगवेगळ्या उचलताही येतात.

शिंप्याकडे आपण मापाचं ब्लाऊज देतो ना, तसंच हे. तो त्याच्यावरून गळा घेतो, बाही घेतो, घेर घेतो. कापड मात्र नवीन असतं. जुन्या ब्लाऊजचं कापड तो नव्याला लावत नाही, आणि जुन्यावर पडलेला हळदीचा डागही उतरवून घेत नाही. संगणक मात्र शिंप्यासारखा शहाणा नाही. त्याला ‘फक्त माप घे’ असं सांगावं लागतं. आणि डागाचं त्याला कळतच नाही. ते आपणच बघायचं.

‘फक्त माप घे’ हे कसं सांगायचं? पहिली रीत ब्रशची. एक्सेलमध्ये वर ‘होम’ असं लिहिलेलं असतं. तिथं डावीकडे, पेस्टच्या बाजूला, रंगवायच्या ब्रशचं छोटं चित्र आहे. त्याला फॉरमॅट पेंटर म्हणतात. लिब्रेऑफिसमध्येही ब्रशच आहे, गुगल शीट्समध्ये भिंत रंगवायचा रोलर आहे. ज्या पानाचं रूप घ्यायचं ते उघडा. पहिल्या चौकोनापासून शेवटच्या चौकोनापर्यंत ओढून निवडा. ब्रशवर एकदा दाबा. मग खाली दुसऱ्या पानाच्या नावावर दाबा, ते पान उघडेल. तिथं तेवढाच भाग ओढून निवडा. झालं. रेघा, रंग, रुपयाची खूण, सगळं आलं. आकडा एकही हलला नाही.

एकच रूप मे, जून, जुलै अशा चार-पाच पानांवर लावायचं असेल तर एक्सेलमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये ब्रशवर लागोपाठ दोनदा दाबा. मग ब्रश हातातच राहतो आणि एकेका पानावर फिरवता येतो. काम झालं की कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दाबून तो खाली ठेवा. ब्रश हातात आहे हे विसरून कुठेही दाबलं, तर तिथलंही रूप बदलतं.

दुसरी रीत पेस्ट स्पेशलची. आधीचं पान निवडून नेहमीसारखं कॉपी करा. दुसऱ्या पानावर जा, पहिल्या चौकोनावर माउसचं उजवं बटण दाबा आणि ‘पेस्ट स्पेशल’ निवडा. पुढे यादी येते, त्यातलं ‘फॉरमॅट्स’ एवढंच घ्या. फोनवरच्या गुगल शीट्समध्येही चौकोनावर बोट दाबून धरलं की पेस्ट स्पेशल मिळतं. त्यातही फक्त रूपाचा पर्याय घ्यायचा.

इथंच सगळ्यात जास्त जपायचं. नुसतं ‘पेस्ट’ केलं तर रूपाबरोबर आकडेही येतात, आणि मेच्या आकड्यांवर एप्रिलचे आकडे बसतात. मे महिन्यात कुणी जास्त हप्ता भरला असेल, तर तो क्षणात पुसला जातो. बऱ्याचदा संगणक ओरडत नाही, विचारतही नाही. असं झालं की दुसरं काहीही न करता कंट्रोल धरून झेड दाबा. शेवटची केलेली गोष्ट मागे जाते.

ब्रश फिरवून झाल्यावर काही चौकोनांत रकमेऐवजी नुसती फुल्यांची जाळी दिसते. घाबरू नका, पैसे कुठे गेलेले नाहीत. रकाना अरुंद आहे, आकडा मावत नाही, एवढंच. रूप आलं तरी रकान्याची रुंदी आपोआप येतेच असं नाही. एक्सेलमध्ये पेस्ट स्पेशलच्या यादीत ‘कॉलम विड्थ्स’ आहे, ते एकदा वेगळं करा. नाहीतर रकान्याच्या माथ्यावरची इंग्रजी अक्षरं निवडून, म्हणजे अख्खे रकाने निवडून, मग ब्रश फिरवा. कागदावर छापायची मांडणी, आडवा कागद की उभा, हेही ब्रशबरोबर येत नाही.

काही जणी विचारतील, मग अख्खं पानच का उचलू नये? उचलता येतं. खाली पानाच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबा. एक्सेलमध्ये ‘मूव्ह ऑर कॉपी’ येतं, त्यात ‘क्रिएट अ कॉपी’वर खूण करा. गुगल शीट्समध्ये ‘डुप्लिकेट’ आहे. रुंदीसकट आणि छपाईच्या मांडणीसकट जुळं पान तयार होतं. नवीन महिना सुरू करायला ही रीत चांगली. पण जुळ्या पानात मागच्या महिन्याच्या रकमाही असतात. त्या पुसायच्या राहिल्या तर जी ताई या महिन्यात आलीच नाही, तिच्या नावावर बचत जमा झालेली दिसते. पेटीतली रोकड आणि पानावरची बेरीज मग जुळत नाही, आणि सगळ्यांची नजर खजिनदाराकडे वळते.

आता त्या हळदीच्या डागाकडे येऊ. एप्रिलमध्ये एका ताईचा हप्ता थकला. लक्षात राहावं म्हणून हिशोब लिहिणारीनं तिची ओळ लाल रंगवली. मे महिन्यात त्या ताईनं मजुरीचे पैसे आले तसे दोन्ही हप्ते व्याजासकट भरले. पण मेच्या पानाला रूप द्यायला एप्रिलचंच पान उचललं, आणि रूपाबरोबर तो लाल रंगही आला. पैसे भरलेत, पासबुकात नोंद आहे, आणि पानावर ती लालच. पान बैठकीत भिंतीवर लावलं किंवा मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, की सगळ्या बघतात. ज्यांना वाचता येत नाही त्या तर रंगच वाचतात. आकडा चुकला तर तो खोडून दुरुस्त करता येतो. चारचौघींत लागलेला लाल रंग मनातून पुसायला फार दिवस लागतात.

म्हणून आमचं आजचं मुख्य सांगणं एवढंच आहे. चालू महिन्याच्या पानावरून माप घेऊ नका. फाईलमध्ये सगळ्यात आधी एक कोरं पान ठेवा आणि त्याला ‘मापाचं पान’ असं नाव द्या. त्यात रकान्यांची नावं, रेघा, रंग, रुपयाची खूण, तारखेची पद्धत सगळं असावं. कुणाची रक्कम नाही, कुणाचा लाल रंग नाही. दर महिन्याला रूप घ्यायचं ते याच पानावरून. अख्खं पान उचलायचं तरी हेच उचलायचं, म्हणजे पुसायला काही नसतंच.

थकबाकी लाल दिसायलाच हवी असेल तर हातानं रंगवू नका, नियम लावा. ‘थकीत’ नावाचा एक रकाना करा. तो निवडून एक्सेलमध्ये ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये जा आणि सांगा, शून्यापेक्षा जास्त रक्कम असेल तर लाल. थकीत रक्कम शून्य झाली की लाल रंग आपोआप जातो. हा नियमही ब्रशबरोबर नव्या पानावर येतो, म्हणून तो मापाच्या पानावर एकदाच लावून ठेवायचा.

रूपाच्या आणखी चार खोड्या आहेत. त्या माहीत असल्या की बैठकीतले निम्मे वाद मिटतात.

पहिली खोडी तारखेची. संगणक तारीख आतमध्ये आकडा म्हणून ठेवतो. १९०० सालापासून दिवस मोजत येतो आणि १ एप्रिल २०२४ ला तो ४५३८३ म्हणतो. ब्रश एक रकाना सरकून फिरला आणि तारखेच्या रकान्यावर रुपयाचं रूप बसलं, तर तिथं चक्क ४५,३८३ रुपये दिसतात. मावशी घाबरून म्हणते, ‘मी तर दहा हजारच उचलले होते!’ उलट झालं, बचतीच्या रकान्यावर तारखेचं रूप बसलं, तर १०० रुपयांच्या जागी ९ एप्रिल १९०० दिसतं. दोन्ही वेळा आतला आकडा शाबूत असतो. योग्य रूप परत लावलं की सगळं जागेवर येतं. आकडा खोडून नवा लिहायला मात्र जाऊ नका.

दुसरी खोडी बेरजेची. ही दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. चौकोनाचं एक रूप ‘टेक्स्ट’ असतं, म्हणजे ‘हे अक्षर समज’. अशा चौकोनात १०० लिहिलं तर संगणक ते शब्द समजतो आणि बेरजेत धरत नाही. समजा गटात बाराव्या ताई नव्यानं आल्या. त्यांच्या ओळीला रूप देताना बचतीच्या चौकोनावर चुकून टेक्स्टचं रूप बसलं. बारा जणींनी शंभर-शंभर दिले, १,२०० व्हायला हवेत, खाली बेरीज दिसते १,१००. ओळखायचं कसं? बाकीच्या रकमा चौकोनात उजवीकडे चिकटतात, ही डावीकडे चिकटते. एक्सेलमध्ये पुष्कळदा कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोणही येतो. चौकोनाला आकड्याचं रूप द्या आणि रक्कम पुन्हा एकदा लिहा, बेरीज जुळेल.

तिसरी खोडी खाते क्रमांकाची. इथं उलट टेक्स्टच लागतं. साध्या चौकोनात शून्यापासून सुरू होणारा खाते क्रमांक लिहिला तर संगणक पुढचं शून्य गिळतो. काही बँकांचे क्रमांक सोळा आकडी असतात. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच नीट धरतो आणि सोळाव्याच्या जागी शून्य घालतो. मागाहून रूप बदललं तरी गेलेला आकडा परत येत नाही. म्हणून खाते क्रमांकाच्या रकान्याला आधी टेक्स्टचं रूप द्यायचं, मग क्रमांक लिहायचा, आणि पासबुकाशी एकेक आकडा मोठ्यानं वाचून ताडून बघायचा. कर्जाची रक्कम याच क्रमांकावर जाते. आणि हा रकाना मोबाईलच्या ग्रुपवर पाठवायच्या पानात ठेवूच नका.

चौथी खोडी पैशांची, म्हणजे रुपयाखालच्या पैशांची. समजा १,००० रुपये व्याज आलं आणि बारा जणींत वाटायचं आहे. प्रत्येकीला ८३ रुपये ३३ पैसे येतात. पण रूप असं लावलेलं असतं की पैसे दिसत नाहीत, नुसते ८३ दिसतात. खाली बेरीज १,००० दाखवते. एखादी हिशोबी काकू बोटांवर मोजते, बारा त्र्याऐंशी नऊशे शहाण्णव. ‘चार रुपये कुणी खाल्ले?’ कुणीच खाल्ले नाहीत. रूपानं पैसे झाकले, एवढंच. मापाच्या पानावर रकमेच्या रकान्याला दोन आकडे पैशांचे दाखवायचं रूप ठेवा. रोख वाटताना प्रत्येकीला ८३ द्यायचे आणि उरलेले ४ रुपये गटाच्या खात्यात ठेवायचे, असं ठरलं तर तसं बैठकीत बोलून इतिवृत्तात लिहा.

रूप लावून झालं की तीन गोष्टी तपासा. ब्रश हातात घ्यायच्या आधी खालची बेरीज कागदावर लिहून ठेवा, आणि काम झाल्यावर तीच आहे ना ते बघा. मग कुठल्याही दोघी जणींची पासबुकं घेऊन त्यांच्या ओळी पानाशी ताडून बघा. आणि पान बैठकीत मोठ्यानं वाचा, प्रत्येकीला आपली ओळ बोटानं दाखवायला सांगा. जिला वाचता येत नाही तिला आपली ओळ सापडली, तर पान चांगलं झालं असं समजा.

एक गोष्ट विसरू नका. संगणकातलं पान रजिस्टरच्या मदतीला आहे, रजिस्टरच्या जागी नाही. वीज गेली, फोन पडला, फाईल उडाली, तरी रोखकीर्द, खातेवही आणि हातातलं पासबुक आपल्याकडे असायला हवं. सह्या आणि अंगठे तिथंच आहेत.

आणखी एक सांगतो. गटात संगणक येणारी एकच पोरगी असते आणि बाकीच्या म्हणतात, तिलाच कळतं ते. उद्या तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली, की फाईल बंद पडते. मापाचं पान तयार असेल तर दुसरी कुणीही महिन्याचं पान उघडू शकते, कारण अवघड काम आधीच करून ठेवलेलं असतं. म्हणून पुढच्या बैठकीत दोघींनी मिळून हे काम करा. एकीनं माउस धरा, दुसरीनं शेजारी बसून बघा. महिन्यानं जागा बदला.

या आठवड्याचं काम सोपं आहे. आपल्या गटाची फाईल उघडा, नवं पान घ्या, त्याला ‘मापाचं पान’ नाव द्या. कुठला रंग कुठल्या रकान्याला द्यायचा ते लिहिणारीनं एकटीनं ठरवू नका, बैठकीत विचारा. ज्या मावशीला वाचता येत नाही तिला पहिला रंग निवडू द्या. तिला जो रंग पटकन ओळखू येतो, तोच बचतीचा.

कुठे अडलं तर ग्रामसंघाच्या बैठकीला फाईल घेऊन या, आम्ही तिथं असतोच. नमस्कार.